कमी रेटिंगचा खेळाडू खरंच जिंकतो, की समोरचा हरतो?

तुमचा मुलगा बारा वर्षांचा, रेटिंग १५४०. पुढच्या आठवड्यात त्याची बुद्धिबळाची फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) रेटिंग स्पर्धा आहे, प्रत्येकाला नव्वद मिनिटं आणि वर प्रत्येक चालीला तीस सेकंद. यादी पाहिली तर पहिल्या फेरीत १९९० रेटिंगच्या आसपासचा कुणीतरी समोर येणार. क्लबमधली मंडळी सांगतात, मोहऱ्यांची मारामारी, म्हणजे अदलाबदल, करून टाक, पट रिकामा कर, बरोबरी मिळाली तरी पुष्कळ. तुम्ही विचारलंय की हे बरोबर आहे का. आणि शेवटी एक प्रश्न जोडलाय: 'कमी रेटिंगवाला खरंच जिंकतो का, की समोरचा चुकला म्हणून त्याला मिळतं?' या शेवटच्या प्रश्नासाठीच मी एवढं लांब उत्तर लिहायला बसले आहे. त्याचं उत्तर नीट कळलं की मुलाला काय सांगायचं ते आपोआप कळतं.

आधी आकड्यांचं बघू, कारण पालक तिथंच घाबरतात. स्वीस पद्धतीत, म्हणजे कुणी बाद न होता सगळे सगळ्या फेऱ्या खेळतात त्या पद्धतीत, पहिल्या फेरीसाठी यादीचे मधोमध दोन भाग होतात आणि वरच्या भागातला पहिला खालच्या भागातल्या पहिल्याशी खेळतो. दोनशे खेळाडू असतील तर पहिल्याची गाठ एकशे एकाव्याशी. म्हणजे तुमच्या मुलाच्या वाट्याला आलेली जोडी हे त्याचं दुर्दैव नाही, खालच्या अर्ध्यातल्या प्रत्येकाच्या वाट्याला तेच येतं. चारशेचा फरक असला की फिडेच्या तक्त्यानुसार वरच्याकडून ०.९२ गुणांची अपेक्षा असते, आणि त्याहून मोठा फरकही चारशेच धरतात. याचा अर्थ वरचा शंभरातले ब्याण्णव डाव जिंकतो असा नाही. ही गुणांची सरासरी आहे, बरोबरीचे अर्धे गुणही तिच्यातच आहेत.

आता दोघांच्या खिशाचा हिशेब करा. अठरा वर्षांखालच्या आणि २३००च्या आतल्या मुलाचा के-गुणक, म्हणजे एका डावानं रेटिंग किती हलणार ते ठरवणारा आकडा, ४०. तो हरला तर ३.२ रेटिंग जाणार. बरोबरी झाली तर १६.८ वाढणार, जिंकला तर ३६.८. समोरचा प्रौढ खेळाडू असेल तर त्याचा के २०. जिंकून त्याला मिळणार १.६. बरोबरी झाली तर ८.४ जाणार, हरला तर १८.४. त्या टेबलावर दडपण कुणावर आहे ते या आकड्यांतच दिसतं. सकाळी साडेनऊला तुमचा मुलगा पोटात गोळा घेऊन बसलेला असतो, पण समोरच्या काकांच्याही पोटात गोळा असतोच. त्यांना तो लपवायची सवय असते, एवढंच.

आता तुमचा खरा प्रश्न. त्यासाठी मी प्रत्येक नव्या बॅचला एक डाव पटावर लावून दाखवते. १७ ऑक्टोबर १९५६, न्यूयॉर्कचा मार्शल चेस क्लब, रोझेनवाल्ड स्पर्धा. पांढरी मोहरी डोनाल्ड बर्नकडे. वय सव्वीस, १९५३चा अमेरिकन ओपन विजेता, देशातल्या अव्वल खेळाडूंपैकी एक. काळी मोहरी तेरा वर्षांच्या बॉबी फिशरकडे. आजची, एलोची रेटिंग पद्धत तेव्हा अजून आली नव्हती, पण अमेरिकन संघटनेची स्वतःची यादी होती आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या यादीत फिशरपुढे १७२६ हा आकडा होता. जुलैमध्ये त्यानं देशाची ज्युनियर स्पर्धा जिंकली होती, तेव्हा तो आकडा त्याच्या वाढीच्या मागे पडलेला होता हे खरं. वाढत्या वयातल्या मुलांचे आकडे मागेच पडलेले असतात, तुमच्या मुलाचाही असेल.

हा डाव लोक वजिराच्या बळीसाठी लक्षात ठेवतात. मी मुलांना आधी दुसरंच काहीतरी बघायला लावते. फिशरनं चौथ्या चालीला कॅसलिंग केलं, म्हणजे राजा कडेला हत्तीच्या आडोशाला नेला. बर्नला संपूर्ण डावात ते करायला मिळालंच नाही. लहान खेळाडूनं मोठ्याला हरवायचं म्हणजे काहीतरी जुगार खेळायचा, असा एक समज असतो. इथं तेरा वर्षांचा मुलगा राजा घरात ठेवून, घोडे-उंट बाहेर काढून, पुस्तकातल्यासारखा खेळत होता. गाफील राहिला तो मोठा खेळाडू.

अकराव्या चालीला बर्ननं एफ४ वरचा उंट जी५ वर नेला (पटावरच्या उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८). चाल दिसायला किती साधी! काळ्याच्या एफ६ वरच्या घोड्यावर दाब येतो, कुणालाही सुचेल अशी. पण तो उंट एकदा बाहेर पडलेला होता, त्याच उंटाची ही दुसरी चाल. दुसरा उंट अजून एफ१ वर झोपलेला, आणि राजा ई१ वर, मधोमध. त्या चालीऐवजी साधं उंट ई२ खेळून कॅसलिंगची तयारी केली असती तर हा डाव कुणाला आठवलाही नसता. समोर कुणी सामान्य खेळाडू असता तर त्यानं काहीतरी राखण्याची चाल केली असती, बर्ननं पुढच्या चालीला उंट ई२ केलं असतं आणि उंट जी५ ही चूक होती हे कुणाच्या ध्यानातही आलं नसतं.

फिशरनं बी६ वरचा घोडा ए४ वर ठेवला. पटाच्या काठावर, सरळ पांढऱ्या घोड्याच्या तोंडात. मारला तर? मग काळ्याचा दुसरा घोडा ई४ वरचं प्यादं खातो आणि तिथून सी५ वरच्या वजिरावर आणि जी५ वरच्या उंटावर एकदम चढतो. ज्या उंटाला बर्ननं आत्ताच तिथं नेलं, तोच मार्‍यात! काळ्याचं गेलेलं मोहरं व्याजासकट परत येतं आणि पांढरा राजा उघड्यावर राहतो. म्हणून बर्ननं घोडा न मारता वजीर ए३ वर मागे घेतला. पुढच्या पाच चालींत फिशरनं सी३ वरचा घोडा मारला, ई४ चं प्यादं घेतलं, वजीर बी६ वर आणला, हत्तीनं ई-पट्टीवरून शह देऊन राजा एफ१ वर ढकलला. आणि सतराव्या चालीला, वजीर मारला जातोय हे समोर दिसत असताना, तो वाचवायच्या ऐवजी शांतपणे उंट ई६ वर नेला.

इथं मी मुलांना घड्याळ लावून पंधरा मिनिटं देते. कुणीतरी हमखास विचारतं, मॅडम, पांढऱ्यानं वजीर न मारता ई६ वरचा उंटच मारला तर? मग वजीर बी५ वर शह, घोडा ई२ वर शह, घोडा जी३ वर दुहेरी शह, आणि मग वजीर एफ१ वर जाऊन स्वतःचा बळी देतो. हत्तीनं तो मारावाच लागतो आणि घोडा ई२ वर मात. राजा स्वतःच्याच माणसांत कोंडून मरतो. हे उत्तर मी सांगत नाही, मुलांना शोधू देते. ज्या दिवशी एखाद्या मुलाला ते आपलं आपण सापडतं, त्या दिवशी त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

बर्ननं वजीर मारला. फिशरचा घोडा आणि उंट मग त्या राजाला एफ१ ते जी१ असे शहांवर शह देत राहिले आणि त्या धामधुमीत मोहरी गोळा होत गेली. धुरळा बसला तेव्हा वजिराच्या बदल्यात काळ्याकडे एक हत्ती, दोन्ही उंट आणि एक प्यादं होतं. पांढऱ्याचा हत्ती एच१ वर, आपल्याच राजाच्या पाठीमागे अडकलेला. कॅसलिंग न झाल्याची किंमत सव्विसाव्या चालीलाही चालूच होती! एक्केचाळिसाव्या चालीला सी२ वर हत्तीनं मात झाली, आणि बर्ननं ती पटावर होऊ दिली. मोठ्या मनाचं काम होतं ते.

तर मग बर्न चुकला म्हणून फिशर जिंकला का? हो, चुकला. पण ती चूक चूक ठरली ती घोडा ए४ मुळे. समोरचा काहीतरी ढिलं खेळणारच. १९९०वाला खेळतो, ग्रँडमास्टरही खेळतो. प्रश्न एवढाच असतो की त्या क्षणी तुमचा मुलगा पटाकडे बघत असेल का, आणि त्याच्याकडे उत्तर द्यायला पुरेशी मोहरी, सुरक्षित राजा आणि घड्याळात वेळ असेल का. बाकी सगळं प्रशिक्षण या तीन गोष्टींसाठीच असतं असं मी मानते.

म्हणूनच क्लबमधल्या त्या सल्ल्याला माझा विरोध आहे, आणि स्पष्ट विरोध आहे. मारामारी करून पट रिकामा केला की बरोबरी जवळ येते असं वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही समोरच्याला त्याच्या अंगणात नेऊन सोडता. १५४० आणि १९९० यांच्यातला फरक सगळ्यात जास्त कुठं दिसत असेल तर तो एंडिंगमध्ये, म्हणजे मोजकी मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात. राजा कधी पुढे न्यायचा, कुठलं प्यादं धरून ठेवायचं, हत्ती प्याद्याच्या मागे ठेवायचा की पुढे, हे त्यानं शेकडो डावांत केलेलं असतं. तुमच्या मुलानं वीस-पंचवीस वेळा केलं असेल. शिवाय प्रत्येक मारामारीत एक लपलेला खर्च असतो. स्वतःचं चांगलं उभं राहिलेलं मोहरं देऊन समोरचं रिकामटेकडं मोहरं घेतलं जातं, आणि अशा चार अदलाबदलींनंतर मुलगा म्हणतो, मी काहीच चुकलो नाही तरी हरलो कसा?

याचा अर्थ पहिल्याच चालीपासून प्यादी उधळत हल्ला करायचा असाही नाही. त्याला जी ओपनिंग येते तीच खेळू द्या. आदल्या रात्री यूट्यूबवर पाहिलेली नवी ट्रॅप नको. ती १९९०वाल्यानं दहा वर्षांपूर्वी पाहिलेली असते. ओळखीची रचना, लवकर कॅसलिंग, आणि मारामारी करायची असेल तर 'यातून मला काय मिळतंय' हे स्वतःला विचारून.

माझ्या एका विद्यार्थिनीचा डाव सांगते. तेरा वर्षांची, रेटिंग पंधराशेच्या आतबाहेर. समोर जवळजवळ साडेचारशेनं वरचे एक गृहस्थ. ती काळ्यानं खेळत होती. ओपनिंग बरी झाली, मधल्या खेळात ती थोडी दबली, पण तिनं घाईनं काही सोडलं नाही आणि डाव एक-एक हत्ती आणि चार-चार प्याद्यांवर आला. त्यांचा हत्ती तिच्या बी-पट्टीवरच्या प्याद्याला त्रास देत होता, तिचा हत्ती ते राखत होता. ते हल्ला करत, ती राखत, दोनदा तीच स्थिती पटावर आली. तिसऱ्यांदा आली असती तर बरोबरी मागता आली असती. गृहस्थांनी बराच वेळ विचार केला आणि फाटा फोडला: राजासमोरची प्यादी पुढे ढकलली, राजाही त्यांच्यामागून निघाला. बरोबरी त्यांना परवडणारी नव्हती.

मी दाराशी, दोरीच्या अलीकडे उभी होते. तिथून मला पट दिसत नव्हता, तिचे हात दिसत होते. दोन्ही हात मांडीखाली दाबून ती बसली होती. हे मी मुलांना मुद्दाम शिकवते. पूर्वी आम्हाला शिकवायचे, आधी चाल कागदावर लिही, मग पटावर खेळ, म्हणजे घाई होत नाही. आता नियमानुसार चाल खेळण्याआधी लिहिता येत नाही. मग हात आवरायचा कसा? त्यावर बसायचं! ती नऊ-दहा मिनिटं तशीच बसली. मग हात काढला आणि ज्या प्याद्याला ती वीस चाली जपत होती ते सोडून दिलं. तिचा हत्ती सरळ त्यांच्या दुसऱ्या ओळीत उतरला. त्यांचा राजा पुढे गेलेला, मागे राहिलेली प्यादी उघडी. ती एकेक करून पडायला लागली आणि राजाला परत यायला चाली उरल्या नाहीत. त्यांच्या घड्याळात तेव्हा दोन मिनिटांच्या आत वेळ होता, तिच्या घड्याळात सतरा. बाहेर आल्यावर तिनं आधी पाणी मागितलं. निकाल तिसऱ्या वाक्यात सांगितला.

त्या डावात गृहस्थ चुकले, हे संगणकावरचं कुठलंही बुद्धिबळ इंजिन अर्ध्या सेकंदात सांगेल. पण ते चुकले चाळिसाव्या चालीनंतर, चार तास एका मुलीनं त्यांना सोपं काहीच दिलं नाही म्हणून. आणि ते बी-प्यादं सोडायचं धाडस कुठल्या इंजिनानं तिला दिलं नव्हतं.

बरोबरीच्या प्रस्तावाबद्दल मुलाला आधीच सांगून ठेवा, कारण मोठे खेळाडू लहान मुलांना बरोबरी देतात ती बहुतेक वेळा स्वतः अडचणीत असताना. माझ्या एका विद्यार्थ्यानं एक अख्खं मोहरं वर असताना बरोबरी घेतली होती. 'त्यांनी स्वतःहून दिली, मला नाही म्हणायला कसंतरी वाटलं,' असं म्हणाला. आपल्याकडे मोठ्यांना नाही म्हणायचं नसतं हे मुलांच्या अंगात मुरलेलं असतं, त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून नियम समजावून द्या: प्रस्ताव देणाऱ्यानं आधी चाल खेळायची, मग बरोबरी विचारायची, मग घड्याळ दाबायचं. त्यानंतर वेळ तुमच्या मुलाची चालू होते आणि त्याला लगेच उत्तर द्यायचं बंधन नाही. त्यानं पट बघावा, हवी तेवढी मिनिटं घ्यावीत. आपली चाल खेळली की नकार आपोआप झाला, तोंडानं काही बोलायचीही गरज नाही. समोरचा पुन्हा पुन्हा विचारत राहिला तर हात वर करून आर्बिटरला, म्हणजे पंचाला, बोलवावं. तो उद्धटपणा नाही, त्याचा हक्क आहे.

घड्याळाचं थोडं जास्त सांगते, कारण या वयात डाव तिथंच जातात. कमी रेटिंगची मुलं दोन प्रकारे वेळ वाया घालवतात. एक तर दडपणानं भराभर खेळतात, पाऊण तासात डाव संपवून बाहेर येतात आणि घड्याळात ऐंशी मिनिटं शिल्लक असतात. नाहीतर ओपनिंगच्या सहाव्या चालीलाच वीस मिनिटं घालवतात, कारण समोरच्याचं रेटिंग डोळ्यांपुढे नाचत असतं. मी मुलांना स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, दर पाच चालींनी उरलेली मिनिटं लिहायला लावते, नियमानुसार ते चालतं. पंधराव्या चालीला साठ मिनिटांच्या आसपास शिल्लक असावीत, एवढा ढोबळ अंदाज पुरे.

एका फटक्यात जिंकायचं नसतं, टिकून राहून जिंकायचं असतं, हे मुलाला पटवायला नागपूरच्या दिव्या देशमुखची बातुमीतली कामगिरी दाखवा. जुलै २०२५, जॉर्जियातला महिला विश्वचषक. दिव्याचं मानांकन पंधरावं. वाटेत दुसरं मानांकन असलेली चीनची झू जिनर, मग हरिका द्रोणवल्ली, उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंग्यी, आणि अंतिम फेरीत कोनेरू हंपी. वय एकोणीस. तानविरुद्धचा जिंकलेला डाव १०१ चालींचा होता, आणि हाती आलेला फायदा त्यात मध्येच निसटलाही होता. तो निसटल्यावरही ती खेळत राहिली, ते बघण्यासारखं आहे. अंतिम फेरीतले दोन्ही क्लासिकल (पूर्ण वेळेचे) डाव बरोबरीत सुटले, पहिला रॅपिडही (कमी वेळेचा) बरोबरीत. दुसऱ्या रॅपिडमध्ये, २८ जुलैला, हंपी वेळेच्या कात्रीत असताना दिव्या काळ्या मोहऱ्यांनी जिंकली. ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म, म्हणजे त्या पदासाठी स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक दर्जाची कामगिरी, नसलेली मुलगी त्या विजयानं थेट भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. तुमच्या मुलाला १०१ चालींचा तो डाव रोज दहा-दहा चालींनी पटावर खेळून बघायला सांगा. इंजिन बंद ठेवून.

शेवटी एक गोष्ट जी पालक विचारत नाहीत, पण विचारायला हवी. समजा तो जिंकला. स्वीसमध्ये जिंकलेल्यांची गाठ जिंकलेल्यांशी पडते, म्हणजे दुसऱ्या फेरीत पुन्हा कुणीतरी मोठा समोर येणार, आणि बऱ्याच स्पर्धांत ती फेरी त्याच दुपारी असते. माझी कितीतरी मुलं पहिली फेरी गाजवून दुसऱ्या फेरीत वीस चालींत हरली आहेत, कारण त्या मधल्या दोन तासांत घरी, आजीला, शाळेच्या ग्रुपवर सगळीकडे फोन झाले आणि मुलगा सकाळच्याच डावात राहिला. त्याचं कौतुक जरूर करा, मिठी मारा. समोरचे खेळाडू तयार असतील तर त्यांच्यासोबत बसून दहा मिनिटं डाव बघू द्या. मोठ्या खेळाडूकडून 'इथं मला भीती वाटत होती' हे ऐकण्यासारखं शिक्षण नाही, आणि बहुतेक जण हरल्यावरही ते मोकळेपणानं सांगतात. मग स्कोअरशीट घडी करून तुमच्या पिशवीत, फोन बंद, पोटभर पण हलकं जेवण, आणि अर्धा तास आडवं पडणं. फोटो रात्री पाठवता येतील.